मिस ऑलिव्हकडचा मुक्काम

"समुद्राकडे तोंड असलेली खोली हवी की बागेकडे?" पराग लॅपटॉपच्या पडद्यावरून विचारत होता.

"कुकर लावता येईल अशी," वहिनी म्हणाली.

"आई, तिथे सगळं आयतं मिळतं. मनगटाला पट्टा बांधतात. तो दाखवायचा नि दिवसभर खायचं-प्यायचं. कोणी विचारत नाही."

"पट्टा? गुरांना बांधतात तसा?"

दादाने हात वर केला. तीस वर्षं चिपळूण डेपोत एसटीचा कंट्रोलर होता तो. त्याने हात वर केला की गाड्या थांबायच्या, घरची माणसं तर थांबायचीच. "पराग, ते पट्टे राहू देत. आपण मिस ऑलिव्हकडे उतरायचं. मुकू, सांग त्याला पत्ता."

मी तोंडातला पोह्यांचा घास जरा जास्तच वेळ चावला.

गोष्ट दोन हजार तेराच्या जानेवारीतली. दादा-वहिनीच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती आणि पराग न्यू जर्सीहून म्हणत होता, जगात कुठेही जा, आठवडाभराचा मुक्काम माझ्याकडून. दुसरा कोणी असता तर स्वित्झर्लंड म्हणाला असता. दादाने कॅरिबियन समुद्रातलं ते बेट सांगितलं. वर म्हणाला, मुकूकाकाही येणार, त्याच्याशिवाय तिथलं दाखवणार कोण? बेटाचं नाव मी तुम्हाला सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातला एखादा जाऊन शोधत बसेल, आणि शोधणाऱ्यांचा मला आता धसका आहे.

मी बोटीवर स्वयंपाकी होतो. आमच्या गावात संध्याकाळी देवळामागच्या कट्ट्यावर लोक जमायचे ते माझं बेट ऐकायला. तिथे कथबर्ट नावाच्या एका डोळ्याच्या माणसाचा गुत्ता होता. गुत्ता म्हणजे वाळूत ओढलेली जुनी होडी आणि वर झावळ्या. पौर्णिमेच्या उधाणाला होडी उचलली जायची, आणि पिणारे पेल्यासकट पलीकडच्या खाडीत जाऊन लागायचे. त्यांच्या बायकांना हे ठाऊक असल्याने त्या आधीच तिकडे जेवणाचे डबे घेऊन उभ्या! दुसऱ्या एका गुत्त्यात मी चार दिवस ज्या टेबलाशी बसत होतो, ते पाचव्या दिवशी उठून समुद्रात गेलं. कासव होतं ते. माझी फ्राय केलेल्या माशांची बशीही घेऊन गेलं. आणि या सगळ्याच्या मधोमध मिस ऑलिव्हचं घर. ओटीसमोर बदामाचं झाड, मागच्या दारी कोंबड्या, नारळाच्या रसातला मासा. मला निरोप देताना ती धक्क्यापर्यंत रडत आली होती.

लोक हसून हसून कट्ट्यावरून घसरायचे. दादा सगळ्यांत जास्त हसायचा. मिस ऑलिव्हचं नाव निघालं की उठून जायची ती एकटी कुमुदवहिनी.

त्याला कारण होतं. आमची आई चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात गेली. तेव्हा मी घरी नव्हतो. आमच्या बोटीचं इंजिन बिघडलं, कंपनीने आम्हाला त्या बेटावर चाळीस दिवस उतरवून ठेवलं, तार फार उशिरा पोचली, असं मी दादाला पत्राने कळवलं होतं. पाकिटावर तिथलं तिकीट होतं, तिथलाच शिक्का. मी घरी आलो तेव्हा वहिनीने एकदाच विचारलं, "चाळीस दिवसांत एक तार पोचत नाही, भावोजी?" मी काहीतरी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं नाही. फक्त दरवर्षी आईच्या श्राद्धाला ती सगळ्यांना वाढायची आणि मला सर्वांत शेवटी, पानाकडे बघत, माझ्याकडे न बघता. एवढंच. पण एकोणतीस वर्षं.

आईचं सगळं तिने केलं होतं. कूस बदलण्यापासून तोंडात पाणी घालण्यापर्यंत.

"मिस ऑलिव्ह आता कुठली असायला, दादा?" मी म्हणालो.

"तेव्हा किती वर्षांची होती?"

"चाळीस असेल."

"म्हणजे आता एकोणसत्तर. माणूस जगतं तेवढं. ती नसली तर घर असेल."

वहिनीने पोह्यांची परात खाली ठेवली आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहून बोलली. "मला बेट नको नि समुद्र नको. आई जात होत्या तेव्हा तुम्ही कुठल्या अंगणात बसला होतात, ते एकदा बघायचंय. दिसलं की माझ्या मनातलं मी काढून टाकीन. पुन्हा कधी वाटेला जाणार नाही."

"बघ की," दादा म्हणाला. "बघच तू. मी म्हणतोय ना इतकी वर्षं, तो आला असता."

आता तुमच्यापासून लपवून काय करू? त्या बेटावर मी एकही रात्र काढली नव्हती. त्याच्या आधी एकदा आमची बोट दोन दिवस बाहेर नांगरून होती. कांदे सोलता सोलता डेकवरून मला पांढऱ्या वाळूची एक पट्टी दिसली होती, आणि काही छपरं. बाकीचं बेट मी घरी येऊन बांधलं.

परागने मुक्कामाच्या जागांचे फोटो एकामागून एक दाखवायला सुरुवात केली. लोक जागा निवडताना बघतात, समुद्र किती पावलांवर, बाथरूम कसं, नाश्ता आहे का. मी बघत होतो, कुठल्या घराशी माझं खोटं जास्त जुळतं. पाचमजली होते ते बाद. पोहण्याचे तलाव होते ते बाद. शेवटी एक बसकं, लाकडी घर आलं. पुढे ओटी, ओटीपुढे कसलंसं मोठं झाड.

"थांब," मी म्हणालो. "हेच."

"नक्की, काका?"

"अरे, त्या पायरीवर बसून मी मासे साफ केलेत."

"त्याच्या खालीच लिहिलंय, स्वयंपाकघर वापरायला मिळेल," पराग म्हणाला.

"मग झालं तर," वहिनी म्हणाली. पण ती त्या पायरीकडे फार वेळ बघत होती.

व्हिसाची लटपट परागने केली. मार्चमध्ये आम्ही तिघं गेलो. दोन विमानं, मग एक छोटं विमान. वहिनीने पिशवीत कुकर, तांदूळ, कोकमं आणि मालवणी मसाला नेला होता. तिकडच्या कस्टमवाल्याने कोकमं उलटीसुलटी करून पाहिली. मी त्याला म्हणालो, ही आमच्याकडे पोटासाठी घेतात, तुम्हालाही देऊ का? त्याने घाईने पिशवी बंद केली. दादा हसला. माझ्या कुठल्याही बोलण्यावर तो मनापासून हसला, ते शेवटचं.

घराचा मालक तिशीतला, गोरटेला तरुण. त्याने जागा सहा वर्षांपूर्वी घेतली होती.

"याआधी इथे मिस ऑलिव्ह राहायची का?" दादाने सामान खाली ठेवायच्या आधी विचारलं. त्याचं इंग्रजी डेपोतलं, पण स्वच्छ.

"नाही सांगता येणार. मी बँकेकडून घेतली."

"बघ," मी मराठीत म्हणालो. "बिचारीला विकावी लागली असेल."

"झाड बदामाचं नाही हे," वहिनी म्हणाली.

"बदाम पडला असेल वादळात. इथे वादळं फार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कथबर्टचा गुत्ता शोधायला निघालो. किनाऱ्यावर ओळीने बार होते. पत्रा, चार खांब, रंगीत फळ्या, वाळूत रोवलेले बाक. मी एका वळणावर थांबलो आणि खात्रीने म्हणालो, इथेच. काउंटरमागच्या पोराने, म्हणजे चांगला तीस वर्षांचा बाप्या होता तो, सांगितलं की हा बार त्याच्या बापाचा, बापाचं नाव लेनर्ड, दोन्ही डोळे शाबूत.

"होडी होती का कधी इथे? बार म्हणून?" दादाने विचारलं.

"होडीत बार?" तो हसला. "छान कल्पना आहे."

मी म्हणालो, वादळात गेली असणार. पुढच्या वळणावर तिसऱ्याच माणसाने तेच सांगितलं. वहिनी चपला हातात घेऊन वाळूत चालत होती. ती थांबली.

"तुमच्या वादळाला पत्ते चांगले ठाऊक होते, भावोजी. बरोबर तुमच्याच ओळखीची घरं नेली."

"कुमुद," दादा म्हणाला.

"मी काय बोलले? वादळाला बोलले."

एका बारमध्ये आम्ही तळलेला मासा मागवला. वहिनीने तुकडा मोडला, हुंगला आणि म्हणाली, "हळदसुद्धा नाही. नारळाच्या रसातला कुठाय तुमचा?" दादा खात नव्हता. तो आल्यागेल्याला विचारत होता. इथलं सर्वांत जुनं माणूस कोण? चौऱ्याऐंशी साली इथे कोण होतं? डेपोत हरवलेल्या बोचक्याचा तपास करायचा, तसा. मला कळत होतं की हा माणूस मला पकडायला विचारत नाहीये. त्याला हवं होतं, कोणीतरी हो म्हणावं. मी खोटा पडू नये म्हणून तो उन्हातान्हात फिरत होता, आणि प्रत्येक नाहीनंतर माझ्यापेक्षा त्याचाच चेहरा उतरत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा दादा फिरून आला होता. पाय वाळूने भरलेले. ओटीवर बसला होता. चौथ्या दिवशी न्याहारी झाल्यावर म्हणाला, "मुकू, चल. एक शेवटची जागा राहिलीय. चाळीस वर्षांपासून एकच बाई चालवते म्हणे."

"मी येते," वहिनी म्हणाली.

"तुझा गुडघा सुजलाय. आम्ही येतो बघून."

किनाऱ्याच्या पार टोकाला, खडकांना लागून, तो बार होता. डोरीन नावाची सत्तरीची बाई. डोक्याला फडका, अंगाने दणकट, हातात सुरी आणि समोर माशांची पाटी. दादा मुद्दाम दोन पावलं मागे राहिला.

मी पंचवीस वर्षं बोटीवर काढली आहेत. बंदराबंदरातल्या खाणावळीच्या बायका मला ठाऊक आहेत. धीर करून मी दोन्ही हात पसरले आणि म्हणालो, "ओळखलंस का? चौऱ्याऐंशी साल. बोट बिघडली होती!"

तिने सुरी ठेवली. डोळे बारीक केले. मग तिचा चेहरा असा फुलला की मलाच क्षणभर वाटलं, मी खरंच इथे राहिलो होतो.

"अरे देवा! तू! किती वर्षांनी!" ती काउंटरच्या बाहेर आली आणि माशांच्या हातांनी मला मिठी मारली. "केस कुठे गेले तुझे?"

"बोटीवर राहिले."

"आणि ती बोट? सुटली की नाही शेवटी?"

"चाळीस दिवसांनी! तुझ्याच हातचं खात होतो की. मिस ऑलिव्हकडे राहायचो."

"ऑलिव्ह!" ती छातीवर हात ठेवून म्हणाली. "बिचारी ऑलिव्ह! फार चांगली बाई!"

मी वळून दादाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो हसेल, माझ्या पाठीत थाप मारेल. एवढं देखणं खोटं मी जन्मात बोललो नव्हतो, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. त्याने शांतपणे बाक ओढला आणि बसला. डोरीन आमच्यासाठी मासे तळायला आत गेली.

"बस," दादा म्हणाला.

मी बसलो. "बघितलंस? आता वहिनीला—"

"काल सकाळी मी आलो होतो इथे. एकटा." तो समुद्राकडे बघत होता. "मी पायरी चढायच्या आत तिने मला अश्शीच मिठी मारली. म्हणाली, किती वर्षांनी आलास! बायको कुठाय तुझी, ती निळ्या झग्यातली? कुमुदने उभ्या जन्मात झगा घातलाय का रे? मी म्हटलं, बाई, मी पहिल्यांदाच येतोय. तर हसली. म्हणाली, माझ्याकडे कोणी पहिल्यांदा येत नाही, सगळे परत येतात. रीतच आहे तिची ती. गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

आत तेल चरचरलं.

"मग मला कशाला आणलंस?" मी विचारलं.

"मला वाटलं, तू म्हणशील, दादा, ही ती नव्हे." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तेवढं म्हणाला असतास तर मी मानलं असतं सगळं. ऑलिव्ह, कथबर्ट, ती होडीसुद्धा. घरी जाऊन कुमुदशी भांडलो असतो."

गंमत सांगतो, त्या वेळी मला एकही गोष्ट सुचली नाही.

"कुठे होतास?"

"मुंबईत."

"मुंबईत कुठे?"

"माझगावला. आपल्या खोलीवर."

आमच्या गावाची माझगावला एक खोली होती. गावचा जो माणूस बोटीवरून उतरेल तो तिथे ट्रंक टाकायचा, पुढची बोट मिळेपर्यंत तिथेच पथारी. आमची पत्रं, तारा सगळं त्याच पत्त्यावर यायचं आणि खोलीवरचा कोणीतरी ते कंपनीच्या ऑफिसात नेऊन द्यायचा. एप्रिलमध्ये मी दारू पिऊन माझ्या वरच्या साहेबाला, चीफ स्टुअर्डला, मारलं होतं. मुंबईत मला उतरवलं, ज्याच्याशिवाय कुठल्याच बोटीवर घेत नाहीत ते माझं खलाशाचं पुस्तक जमा करून घेतलं. पुस्तक परत मिळेपर्यंत गावाला तोंड दाखवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. खोलीवरच्यांना बजावलं होतं, कोणी विचारलं तर मी बोटीवर आहे.

"तार?" दादाने विचारलं.

"मिळाली."

"केव्हा?"

"सोमवारी. दुपारी."

"हातात?"

"हातात."

"आई शुक्रवारी गेली."

"मला वाटलं, बरी होईल. आधी दोनदा झाली होती. म्हटलं पुस्तक मिळालं की नीट कपडे करून, काहीतरी घेऊन..."

"सोमवारी रात्री मुंबई सेंट्रलहून गाडी होती. सकाळी सव्वासहाला चिपळूणला लागायची." तो बोलत होता तो सरकारी आवाजात, खिडकीतून प्रवाशाला सांगावं तसा. "मे महिना, सीझन. मला रजा दिली नव्हती. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही सकाळी ती गाडी मी घेतली. शेवटचं माणूस उतरेपर्यंत दाराशी उभा राहायचो. म्हटलं, बोटीवर असला तरी कोण जाणे, कुठून तरी येईल. मग घरी जायचो. आई विचारायची, गाडी आली का? मी म्हणायचो, आली, पण तो बोटीवर आहे गं. ती म्हणायची, हो, बोटीवर आहे तो, नाहीतर आला असता."

डोरीनने बश्या आणून ठेवल्या आणि दादाच्या खांद्यावर थोपटून गेली.

"पत्र कोणी टाकलं?"

"खोलीवरच्या युसूफ पारकरने. त्याची बोट इकडे येत होती. मी लिहून दिलं, त्याने इथे पेटीत टाकलं."

"शिक्का जुलैच्या शेवटाचा होता. पत्रात लिहिलं होतंस, तार आजच मिळाली, उद्या बोट सुटतेय. आणि जुलैच्या शेवटाला तू घरात येऊन बसलेला. तुझ्यामागून आलं पत्र. तेव्हाच दिसलं होतं मला. टपालात घोळ झाला असेल, असं स्वतःलाच सांगितलं. कुमुदच्या हाताला पाकीट लागू दिलं नाही."

"दादा, वहिनीला मीच सांगतो."

"तू गप्प बसायचं." तो उठला. "आई ते बोलली तेव्हा कुमुद उशाशी होती. तिने ते मानलं नाही, पण आईने मानलं होतं. आईला खोटं पाडायला मी इतक्या लांब आलो नाही."

मासे तसेच राहिले. परत येताना दीड मैल वाळू होती, आणि दादा माझ्या पुढे चालला होता. मी गाठायला गेलो की तो चाल वाढवायचा. त्यानंतर तो चार वर्षं जगला. कट्ट्यावर मी पुन्हा बोलायला लागलो, तर तो ऐकायला यायचा नाही. लोक विचारायचे, दादांना काय झालं? मी म्हणायचो, कान गेलेत.

वहिनी ओटीवर पाय लांब करून बसली होती, गुडघ्याला ओला टॉवेल. आम्हाला बघून सरसावली.

"कुमुद," दादा लांबूनच मोठ्याने म्हणाला, "बाई भेटली."

"कोण बाई?"

"जुनी. तिच्याकडेच खायचा हा. बघताक्षणी मिठी मारली याला. बोट बिघडलेली आठवते तिला. ऑलिव्ह आठवते. चाळीस दिवस इथेच होता. सगळं खरं आहे."

मी आयुष्यभर खोटं बोलत आलो. पण अशा कोरड्या, सरळ आवाजात, एकही नक्षी न काढता बोललेलं खोटं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

वहिनीने टॉवेल बाजूला केला. खांबाला धरून उभी राहिली.

"आई म्हणत होत्या," ती म्हणाली. "शेवटपर्यंत म्हणत होत्या. मीच... एकोणतीस वर्षं मी तुम्हाला जेवताना उष्ट्यासारखं वाढलं, भावोजी. घरचा मुलगा परक्या मुलखात अडकलेला, आणि मी मनात काय काय आणत होते."

"वहिनी, राहू दे. बस तू."

"नाही. मला करू दे."

ती पायरी उतरली. सुजलेला गुडघा धरून, एक हात भिंतीला लावून ती माझ्यासमोर वाकायला लागली. माझ्या थोरल्या भावाची बायको, जिने माझ्या आईची मलमूत्राची भांडी धुतली, ती. मी दोन्ही पाय झटकन मागे ओढले.

दादा माझ्या मागेच उभा होता. त्याने माझ्या दंडाला धरलं.

"पाय मागे घेऊ नकोस, मुकू," तो हळूच म्हणाला. "वाकू दे तिला. तू उभा राहा."

मी उभा राहिलो.